ग्रह तरी बदलतात

दादाचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. वाशीमला कोर्टाच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि सोमवारी तिथं उभं राहायला जागा नसते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गावाकडे शेती करतो, फोनवर बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. त्या दिवशी मात्र एका दमात बोलला. "सुनंदा, तुह्या वैनीले घेऊन वाशीमले येऊन राह्यलो. गौरीची येनी घालता घालता खालीच बसली, अन् आता तिले बोलताच येऊन नाही राह्यलं." मी गिऱ्हाइकांचे कागद तसेच त्यांच्या हातात कोंबले आणि शटर ओढलं. दवाखान्यात पोचले तोवर तिला अकोल्याला न्यायचं ठरलं होतं. गाडीत मी तिच्या उशाशी बसले. तिने माझं मनगट धरलं, ओठ हलवले, पण जीभ वळेना. संगीता वहिनीची जीभ वळत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिला काय सांगायचंय ते मला कळत होतं आणि मी नुसतं "हो वहिनी, गौरीचं आम्ही पाहू, हो" म्हणत राहिले... अकोला यायच्या आधीच तिची पकड सैल झाली.

त्याला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसले ती दुःख हलकं करायला नाही. लोकांनी तिला देव्हाऱ्यात बसवायची तयारी चालवली आहे, म्हणून बसले. जो तो म्हणतो, काय सोशिक बाई होती! ज्याने तिला ओळखलं त्याने तरी हा शब्द तिच्यासाठी वापरू नये. ती भांडखोर होती. ती भाजीवाल्याशी भांडली, एस्टीच्या कंडक्टरशी भांडली, माझ्याशी तर कायमच, आणि पुढची कितीतरी वर्षं शाळेशी नि सरकारी ऑफिसाशी. नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचं असं म्हणतात, ते आमच्याबाबतीत बरीच वर्षं खरं होतं. ती मानोऱ्याकडची. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी माहेरी गेले आणि भाजीत मीठ कमी पडलंय असं सहज बोलले, तर तिने मिठाची अख्खी बरणी माझ्या ताटाजवळ आणून ठेवली. "घ्या सुनंदाबाई, तुमचंच घर हाय." मी तोंड फुगवलं. आई पदराआड हसली. आमच्या घरात इतकी वर्षं कोणी मला असं उत्तर दिलेलं नव्हतं.

दादा-वहिनीची लेक गौरी जन्मली ती लवकर रडली नाही. वर्ष होत आलं तरी मान धरेना, मूठ उघडेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. हातपाय ताठ राहतील, बोलायला वेळ लागेल, चालेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. "पण हिला समजतं सगळं," असंही ते म्हणाले. दादाने आधीचं सगळं ऐकलं आणि खचला. वहिनीने शेवटचं तेवढं ऐकलं आणि कंबर कसली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, पोहरादेवीला नवस बोल. ती बोलली, आणि वेळेवर फेडलाही. गौरीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्याच बायका म्हणायला लागल्या की देवीवर सोडलंय ना, मग आता शाळा-बिळा कशाला. तेव्हा म्हणाली, "देवीनं पोरगी जगोली. तिचं काम तिनं केलं. शिकवाचं काम सरकारचं हाय, देवीचं नाही."

शाळा आमच्या घराच्या अगदी समोर. रस्ता ओलांडला की फाटक. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण गावात शाळा एकच आहे आणि हेडमास्तरही एकच. किन्हीराजापासून फार लांब नाही, एवढं समजा. नाव घालायला वहिनी गेली तेव्हा हेडमास्तर फारच गोड बोलले. नाव लगेच घातलं. आमच्याकडे शाळांचे पट गळत चाललेत, पट घसरला की शिक्षक कमी होतो, म्हणून एकेक नाव शिक्षकांना जिवासारखं असतं. वहिनी दुसऱ्या दिवशी गौरीला कडेवर घेऊन वर्गात हजर झाली तेव्हा मात्र हेडमास्तरांचा चेहरा पडला. "अहो बाई, नाव घातलंय ना आपण. रोज आणायची काय घाई?" गौरी पटावर हवी होती, वर्गात नको होती. वहिनीने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली.

तिथं ती वर्षानुवर्षं बसली. का, तर गौरीला संडासला कोण नेणार? बाकी शाळेत तिला काही कमी नव्हतं. पोरं सुरुवातीला नकला करायची, मग महिन्याभरात तिची भाषा शिकली. मास्तरला कळलं नाही तर पोरीच सांगायच्या, "सर, ते सत्तावीस म्हनून राह्यली." लिहायला हात चालत नसे, पण वाचायला लागली, तोंडी हिशेब करायला लागली. अडचण होती ती एवढीच, की दिवसातून दोन-तीनदा एका बाईमाणसाने तिला उचलायचं, आत न्यायचं, सावरायचं आणि परत आणून बसवायचं. त्यासाठी वहिनी निंबाखाली बसून तूर निवडायची, गोधड्यांना टाके घालायची. पुढे पुढे खिचडी शिजवणाऱ्या बाईला फुकटात हात लावायला लागली, व्हरांडा झाडायला लागली. हेडमास्तर पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे, "या आमच्या शाळेच्या पालक." असले पालक कोणाला नको असतात?

एकदा निवडणूक आली आणि शाळेला सिमेंटचा उतार बांधला गेला, म्हाताऱ्या-अपंग मतदारांची खुर्ची आत जावी म्हणून. वहिनीला वाटलं, चला, आपलंही काम झालं. पण उतार होता मतदानाच्या खोलीला, आणि गौरीचा वर्ग भरायचा पलीकडे, तीन पायऱ्या चढून. ती म्हणाली, वर्ग या खोलीत भरवा. हेडमास्तर म्हणाले, तिथं कॉम्प्युटर आहेत. ते कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते, कोणी चालू केलेले मी तरी ऐकले नाहीत. वहिनीने गौरीला चाकाच्या खुर्चीत घालून त्या उतारावर नेलं आणि बंद दाराशी बसवून ठेवलं. शाळा भरली, प्रार्थना झाली, गौरी तिथंच. दुसऱ्या दिवशीही तिथंच. येणारे-जाणारे विचारायला लागले, आणि आठवडा सरायच्या आत कॉम्प्युटर पलीकडे आणि वर्ग अलीकडे आला. तिची ही एवढी एकच जीत मला माहीत आहे. फोनवर मला सांगताना अशी हसत होती की शब्द कळेनात.

मग गौरी तिसरीत गेली, अंगाने वाढली. वहिनीच्या कमरेला वाक आला, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. तेव्हा एक दिवस हेडमास्तर म्हणाले, "बाई, किती ओढाताण करता? गौरीचं आपण गृहाधारितमध्ये टाकू. सरकारचीच योजना आहे, चांगली आहे." आता आमच्याकडे गृह आणि ग्रह यांच्या उच्चारात फरक करतं कोण? लग्नपत्रिकेत 'गृहप्रवेश' छापलेला असला तरी आम्ही ग्रहप्रवेशच म्हणतो. वहिनीने ग्रहाधारित ऐकलं. तिची समजूत अशी झाली की सरकार अशा मुलांचे ग्रह पाहतं आणि त्याप्रमाणे शिकवायची सोय करतं. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ द्या, पण जरा विचारही करा. त्याआधी सरकारने तिच्याकडे काय काय मागितलं नव्हतं? पोरगी किती टक्के अपंग ते मागितलं. गौरीच्या मुठी उघडत नाहीत हे दिसत असताना आधारसाठी तिच्या बोटांचे ठसे मागितले, आणि मशीन घेत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बोलावलं. एवढं सगळं मागणारं सरकार उद्या कुंडली का मागणार नाही?

तर वहिनी गौरीची पत्रिका घेऊन वाशीमला आली. पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस होते, एस्ट्या सगळ्या तिकडं वळवलेल्या, ती दुधाच्या गाडीत बसून आली. पिशवीत काय आहे ते मला सांगितलं नाही. दुकान शेजारच्याच्या भरवशावर सोडून मी तिच्यासोबत ऑफिसात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, सगळी सारखीच असतात. साहेबांच्या टेबलावर तिने एकेक कागद मांडला, आणि सगळ्यात शेवटी हळदीकुंकवाची बोटं लावलेली गुंडाळी ठेवली.

"हे काय?" साहेब.

"पत्रिका. हेडमास्तर म्हनले, ग्रहाधारित म्हून."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाला कळलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि हसायला लागला. त्याने पलीकडच्याला सांगितलं, पलीकडच्याने त्याच्या पलीकडच्याला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब स्वतः हसले नाहीत, तेवढं त्यांचं चांगलं लिहायला हवं. ते म्हणाले, "बाई, ग्रह नाही. गृह. गृह म्हणजे घर. मुलीने घरी राहून शिकायचं."

"घरी? घरी कोन शिकोल?"

"विशेष शिक्षक येतील."

"रोज?"

"रोज कसे येतील? एकेका माणसाकडे केवढा भाग असतो. महिन्यातून एखाद-दोन वेळा."

"अन् बाकीच्या दिवशी पोरगी काय करन?"

"तुम्ही आहात ना घरी."

वहिनीने पत्रिका सावकाश गुंडाळली. तिला दोरा बांधला. मग म्हणाली, "मंग साहेब, ग्रहच बरे होते. ग्रह तरी बदलतेत."

ती खुर्ची ओढून बसली, कोणी बस म्हटलं नव्हतं. "मले घर नको. घर आहे माह्याजवळ. मले शाळेत एक बाई द्या. पोरीले संडासले नेईन अन् आनून बसवन. बस, एवढंच." यावर साहेब जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि ते अगदी मनापासून, समजावून सांगावं तसं बोलले. "अहो, पण तुम्ही असता ना तिथे रोज! शाळेने तसं कळवलंय. आई हजर असताना मदतनीस कशाला मागायची?" वहिनीने टेबलावरचे कागद एकेक करून पिशवीत भरले. ती बसत होती म्हणून बाई मिळत नव्हती, आणि बाई मिळत नव्हती म्हणून तिला बसावं लागत होतं.

आम्ही बसस्टँडवर आलो. मग एकदम स्वतःच खुदकन हसली. "काही म्हना सुनंदाबाई, शनीचा मास्तर यगळा अन् मंगळाचा यगळा आला असता, त मज्या आली असती." मीही हसले, हसता हसता दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी वेळाने एकदाची एस्टी लागली, तेव्हा चढता चढता म्हणाली, "मी मरून पाहाव का? मंग त देतीन एखादी बाई." मी रागावले. असलं अभद्र बोलू नये म्हटलं. ती खिडकीतून हात हलवत गेली. त्यानंतरही ती त्या ऑफिसात जातच राहिली. तिथं तिचं नाव पत्रिकावाली बाई पडलं होतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

तेरवीला शाळेचा सगळा स्टाफ आला. मांडवात हेडमास्तर बोलायला उभे राहिले. आदर्श माता म्हणाले, शाळेची माउली म्हणाले, डोळेही पुसले. ते खोटं रडत होते असं मी म्हणणार नाही. फुकटात व्हरांडा झाडणारी बाई गेली तर कोणालाही रडू येईल. त्या कारकुनाचे कोणी पाहुणे आमच्या गावात आहेत, तोही आला होता. पंगतीत तो शेजारच्याला पत्रिकेची गोष्ट सांगत होता, आणि जिची राख अजून निवली नव्हती तिच्याच घरात लोक जिलबी खाता खाता खुसखुसत होते. मला राहवलं नाही. हेडमास्तर खाली बसायच्या आत मी विचारलं, "सर, गौरी उद्यापासून शाळेत कशी बसणार तेवढं सांगा." दादाने मला डोळ्यांनी दटावलं. हेडमास्तर म्हणाले, "ते... बसून बोलू ताई. आज तो विषय नको." दुसरा कोणता विषय होता त्या बाईच्या आयुष्यात?

दुसऱ्या दिवशी दादाने गौरीला उचलून वर्गात नेऊन बसवलं आणि तो वावरात गेला. दुपार व्हायच्या आत निरोप आला, घेऊन जा. पोरीचे कपडे ओले झाले होते. वर्गातल्या पोरींनी आपल्या ओढण्या तिच्या मांडीवर टाकल्या होत्या, जेणेकरून कोणाला दिसू नये. त्यातल्या थोराड पोरी म्हणाल्या, सर, आमी नेत जाऊ तिले. हेडमास्तर म्हणाले, उद्या पडली-झडली तर जबाबदारी कोणाची? आणि दादाला म्हणाले, "भाऊ, पोरीची जात आहे. तुम्ही पुरुषमाणूस किती वेळा येणार? आई होती तोवर ठीक होतं. आता गृहाधारितच बरं. तुमच्याच सोयीसाठी सांगतो." दादाने गृहाधारितच्या कागदावर अंगठा नाही, सही केली. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. बायको गेलेला माणूस, पेरणी तोंडावर, समोर ओली झालेली लेक...

मी मात्र ऑफिसात गेले. कारकुनाने मला ओळखलं. साहेब नवे होते. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. आई होती तेव्हा आई आहे म्हणून बाई दिली नाही, आता आई नाही तर बाई द्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद उलटवून म्हणाले, "पण विद्यार्थिनी आता गृहाधारित दाखवलीय. ती शाळेत येतच नाही, तर शाळेत मदतनीस कोणासाठी द्यायची?" वहिनी, तू मरूनही पाहिलंस. मी गौरीला म्हटलं, माझ्याकडे वाशीमला चल. तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या मैत्रिणी समोरच्या वर्गात आहेत आणि तिला तिथंच जायचं आहे. मधे फक्त एक रस्ता आहे.

मागच्या आठवड्यात विशेष शिक्षक आले ते मी दादाकडे असतानाच. बिचारा तरुण पोरगा, मोटरसायकलवर दिवसभर गावं पालथी घालणारा. गौरीच्या मांडीवर रंगीत ठोकळे ठेवले. ती पाचवीचं पुस्तक वाचते हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग त्याने फोन काढला. "बेटा, इकडे बघ. अरे वा, युनिफॉर्म घालून बसलीस! फोटो छान येईल." गौरीने तोंड भिंतीकडे वळवलं ते तो जाईपर्यंत परत फिरवलं नाही.

गणवेशाचं सांगायचं तर ती वहिनीचीच रीत. वहिनी कधी तापाने फणफणली आणि गौरीला नेणं जमलं नाही, तरी सकाळी ती पोरीला गणवेश चढवायची, वेण्या घालायची आणि ओसरीवर आणून बसवायची. "शाळेचा दिवस हाय न? मंग शाळेचेच कपडे." आता दादा दुसरं काही अंगात घालायला लागला की गौरी हात ताठ करते. त्याला वेण्या येत नाहीत, गुंड्या वर-खाली लागतात, पण गणवेश चढतो. समोरच्या वर्गाची खिडकी रस्त्याकडे आहे. हजेरी सुरू झाली की ओसरीवर प्रत्येक नाव ऐकू येतं. गौरीचं नाव पटावर अजून आहे, घरी शिकणाऱ्या मुलांची हजेरी न पुकारताच लागते म्हणे. म्हणून मास्तर गायत्रीनंतर थेट ज्योतीवर जातात. ओसरीवर गौरी मान सावरते, ओठ जुळवते आणि "हजर" म्हणायला लागते. तो शब्द तिच्या तोंडून पुरा निघेपर्यंत हजेरी संपलेली असते.